'युटिल्स' हे नाव नव्हे

कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीची सामायिक कोड-लायब्ररी उघडा. धंदा बँकेचा असो नाहीतर बसच्या तिकिटांचा, आत एक फोल्डर हमखास सापडतं. त्याचं नाव 'युटिल्स'. नाहीतर 'कॉमन', 'हेल्पर्स', 'शेअर्ड', 'मिस्क'. टीम फारच नेटकी असेल तर 'कॉमन'च्या पोटात 'युटिल्स' आणि 'युटिल्स'च्या पोटात पुन्हा 'कॉमन'. आत शिरलात की तारखा आहेत, रुपयांचे स्वल्पविराम आहेत, ईमेल पाठवणारं काहीतरी आहे, पासवर्डशी संबंध असलेल्या दोन फाइली आहेत, आणि एक असं फंक्शन आहे ज्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही, कारण ते कोण कोण वापरतंय हे कोणालाच माहीत नाही.

लोक याला अस्ताव्यस्तपणा म्हणतात आणि हसून सोडून देतात. घरात नाही का माळ्यावर सामान पडलेलं असतं, तसं. पण माळा आपला स्वतःचा असतो. तिथली पिशवी सापडली नाही तर धूळ आपल्याच नाकात जाते. सामायिक लायब्ररी दहा, पन्नास, कधी लाखो माणसांच्या कोडमध्ये नावानिशी शिरलेली असते. म्हणून माझं म्हणणं साधं आहे आणि ते जरा चढ्या आवाजात सांगायची माझी तयारी आहे: सामायिक लायब्ररीतल्या पॅकेजचं नाव म्हणजे परक्या माणसांना दिलेला शब्द असतो. 'युटिल्स' असं नाव ठेवणं म्हणजे शब्द न देता माल खपवणं. ठेवणाऱ्याची पाच मिनिटं वाचतात आणि त्या पाच मिनिटांचं बिल तो ज्यांना कधी भेटणार नाही अशी माणसं भरतात.

ज्यांचा कोडशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट्स बघा. 'रमेश प्लंबर', 'गॅस नवीन', 'आई ऑफिस'. यात एकही नाव शब्दकोशातलं नाही, पण प्रत्येक नाव कामाचं आहे, कारण नळ गळायला लागला की तुम्हाला काय शोधायचं ते कळतं. 'माणसं इतर' अशा नावाने कोणी नंबर सेव्ह करत नाही. कोडमध्येही तसंच असतं. एका कामाची फंक्शनं एका पॅकेजमध्ये, म्हणजे बहुतेक वेळा एका फोल्डरमध्ये, ठेवतात. ती वापरायची असतील तर आपल्या फाइलच्या माथ्यावर त्या पॅकेजचा पूर्ण पत्ता लिहून ते 'इम्पोर्ट' करायचं. फरक एवढाच की कॉन्टॅक्टचं नाव तुम्ही मनात येईल तेव्हा बदलू शकता. पॅकेजचं नाव बदललंत, तर जिथे जिथे जुना पत्ता लिहिलाय तिथला कोड चालायचा थांबतो.

हा आजार नवशिक्यांचा आहे असं कोणी समजू नये. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण जावाच्या पहिल्या आवृत्तीतच आहे. 1996 च्या जावात 'जावा.युटिल' नावाचं पॅकेज होतं. त्यात तारीख होती, यादृच्छिक आकडे काढणारं यंत्र होतं, वाक्याचे तुकडे पाडणारं एक अवजार होतं, आणि वस्तू साठवायचे दोन-तीन डबे होते. या सगळ्यांमध्ये समान काय? एवढंच, की दुसरीकडे कुठे त्यांची जागा ठरवली गेली नाही. मग जे व्हायचं तेच झालं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्याच डब्यात देशोदेशींची चलनं आली, भाषा आणि प्रांत आले, टाइमर आला, मजकूर वाचणारा स्कॅनर आला. 'युटिल' या नावाला 'नाही' म्हणताच येत नाही. कुठलीही नवी वस्तू दारात उभी राहिली तर तिला 'तू इथली नाहीस' असं सांगायला त्या नावाकडे काही आधारच नाही.

1998 मध्ये जावा 1.2 आलं आणि त्याच पॅकेजात 'लिस्ट' नावाचा एक प्रकार दाखल झाला. पण खिडक्या आणि बटणं काढण्याच्या 'जावा.एडब्ल्यूटी' या पॅकेजात 'लिस्ट' आधीपासून होती, पडद्यावरची यादी या अर्थाने. त्या काळी बरेच लोक दोन्ही पॅकेजं सरसकट, तारांकन टाकून, इम्पोर्ट करत. काल चालणाऱ्या त्या प्रोग्रॅममध्ये आज 'लिस्ट' म्हटल्यावर कंपायलर विचारू लागला: कुठली? त्या प्रोग्रॅमरांनी स्वतःच्या कोडची एक ओळही बदललेली नव्हती. बदल दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये झाला होता.

तारखेचंही तेच. 'युटिल'मधली 'डेट' वर्षं 1900 पासून मोजायची आणि महिने शून्यापासून. म्हणजे जानेवारी शून्यावा. त्यावर 'कॅलेंडर' आलं, तेही त्याच डब्यात. शेवटी 2014 मध्ये जावा 8 बरोबर वेळेसाठी स्वतंत्र घर मिळालं: 'जावा.टाइम'. या नव्या घरात तारीख वेगळी, घड्याळातली वेळ वेगळी, दोन क्षणांमधलं अंतर वेगळं, टाइमझोन वेगळा. मला वाटतं यात नावाचा हात मोठा आहे. पॅकेजचं नाव 'टाइम' असेल तर 'वेळ म्हणजे नेमकं काय' हा प्रश्न टाळता येत नाही. 'युटिल'मध्ये तो जवळजवळ वीस वर्षं टाळता आला.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. एखाद्या भारतीय कंपनीची सामायिक लायब्ररी आहे. तिच्यात चार फंक्शनं आहेत. एक पॅन नंबर तपासतं: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. दुसरं जीएसटी नंबर तपासतं: एकूण पंधरा जागा, पहिल्या दोन राज्याच्या, महाराष्ट्र असेल तर 27, गोवा असेल तर 30, आणि पुढच्या दहा जागांवर चक्क पॅन. तिसरं बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड तपासतं: अकरा जागा, पाचवी जागा शून्य. चौथं पिनकोड तपासतं: सहा अंक, पहिला शून्य नाही.

बहुतेक ठिकाणी ही चारही फंक्शनं 'व्हॅलिडेटर्स' नावाच्या फोल्डरमध्ये सापडतील आणि ते फोल्डर अर्थातच 'युटिल्स'मध्ये. चौघंही 'तपासतात', म्हणून एकत्र. वरवर पाहता हे शहाणपणाचं वाटतं. पण जीएसटी नंबरच्या आत पॅन आहे, म्हणजे त्या दोघांचं नातं रक्ताचं आहे. पॅनचा नियम बदलला तर जीएसटीचं फंक्शन बदलावं लागेल. पिनकोडचा त्यांच्याशी काय संबंध? 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा 'कर' नावाचं पॅकेज ज्यांच्याकडे असेल त्यांना कुठे हात घालायचा ते ठाऊक असणार. 'व्हॅलिडेटर्स', 'फॉरमॅटर्स', 'कॉन्स्टंट्स' आणि 'हेल्पर्स' अशी चार फोल्डर्स ज्यांच्याकडे असतील त्यांनी चारही उपसायची.

डेव्हिड पारनास यांनी 1972 मध्येच हे सांगून ठेवलंय. प्रोग्रॅमचे भाग कोणत्या निकषावर पाडावेत, यावरचा त्यांचा निबंध छोटा आहे आणि अजून शिळा झालेला नाही. त्यांनी एकच छोटा प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी तोडून दाखवला. पहिल्या तऱ्हेत कामाच्या पायऱ्यांप्रमाणे: आधी वाचा, मग फिरवा, मग लावा, मग छापा. दुसऱ्या तऱ्हेत, उद्या बदलू शकेल असा एकेक निर्णय एकेका भागात झाकून. दोन्ही चालतात. पण माहिती साठवायची पद्धत बदलायची म्हटली, तर पहिल्या तऱ्हेत जवळजवळ सगळे भाग उघडावे लागतात आणि दुसऱ्या तऱ्हेत एक. पन्नास वर्षं उलटली. आजही नवा प्रोजेक्ट सुरू झाला की पहिल्या दहा मिनिटांत 'कंट्रोलर्स', 'सर्व्हिसेस', 'मॉडेल्स' अशी फोल्डर्स पडतात, म्हणजे पुन्हा पायऱ्याच. तो प्रोजेक्ट दवाखान्याचा आहे की किराणा दुकानाचा, हे ती फोल्डर्स बघून सांगता येत नाही.

स्वयंपाकघरात कोणी असं लावतं का? स्टीलचं एका कपाटात, प्लास्टिकचं दुसऱ्या, काचेचं तिसऱ्या? चहाची पावडर, साखर, गाळणं आणि आलं किसायची किसणी हाताशी एकत्र असतात, कारण त्या एकत्र लागतात. गाळणं प्लास्टिकचं आहे की स्टीलचं, हा चहा करणाऱ्याचा प्रश्नच नाही.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. विषयानुसार लावणं म्हणजे आपोआप न्यायाने लावणं नव्हे. अमरकोश घ्या. हा जुना संस्कृत कोश अक्षरांच्या क्रमाने लावलेला नाही, तो विषयांनी लावलेला आहे: स्वर्गवर्ग, व्योमवर्ग, दिग्वर्ग, कालवर्ग, पुढे भूमी, पूर, शैल, वनौषधी. पाठांतराला आणि शोधायला ही मांडणी उत्तम. पण माणसांपाशी पोचलात की ब्रह्मवर्ग, क्षत्रियवर्ग, वैश्यवर्ग, शूद्रवर्ग अशी उतरंड लागते आणि कुंभार, विणकर, चांभार यांचे शब्द शूद्रवर्गात सापडतात. शब्द हुडकायला आलेल्या मुलाने शब्दाबरोबर ती उतरंडही पाठ करायची. कप्पे पाडणारा माणूस स्वतःचं जग त्या कप्प्यांत ओततो, आणि वापरणाऱ्याला ते निसर्गनियमासारखं वाटू लागतं.

कोडमध्ये जातींची जागा टीम घेतात. मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्ये लिहिलं की एखादी संस्था जी रचना बनवते तिच्यात त्या संस्थेच्या आपापसातल्या संवादाचीच नक्कल उतरते. त्यांनी दिलेलं उदाहरण मजेदार आहे. आठ माणसांना दोन कंपायलर करायला दिले. पाच जण कोबॉलवर, तिघं अल्गोलवर. कोबॉलचा कंपायलर पाच टप्प्यांचा निघाला आणि अल्गोलचा तीन टप्प्यांचा. आजच्या लायब्ररीतही 'प्लॅटफॉर्म', 'ग्रोथ', 'मोबाइल-2' अशी पॅकेजं असतात, ती टीमच्या नावावरून पडलेली. दोन वर्षांत कंपनीची फेररचना होते, टीम विसर्जित होते, आणि 'मोबाइल-2' हे नाव गावातल्या जुन्या संस्थानिकाच्या वाड्यासारखं उरतं. आत काय आहे हे विचारायचं असेल तर कोणाला विचारायचं? 'युटिल्स'ला मालक कधी नव्हताच. याला होता, तो गेला.

कंपनीच्या आतली पडझड निदान कंपनीच्या आत राहते. जगाने वापरायच्या लायब्ररीत हीच गोष्ट केवढी होऊ शकते, याची गोष्ट 'जावाएक्स' नावाच्या पत्त्याची आहे.

जावात पॅकेजचं नाव संस्थेच्या वेबपत्त्यावरून उलटं लिहायची रीत आहे, म्हणजे 'ऑर्ग.अपाची' असं. कल्पना सुंदर आहे, कारण नावातच मालकी येते आणि दोन संस्थांची नावं एकमेकांवर आदळत नाहीत. पण भाषेच्या मालकांनी स्वतःच्या जोडसामानासाठी 'जावाएक्स' असा पत्ता राखून ठेवला होता, आणि वेब सर्व्हरपासून डेटाबेसपर्यंत मोठमोठी पॅकेजं त्याखाली वाढली. 2017 मध्ये ओरॅकलने त्यातला उद्योगांसाठीचा भाग एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेला द्यायचं ठरवलं. कोड दिला. 'जावा' हे नाव मात्र ओरॅकलचा ट्रेडमार्क. 2019 मध्ये स्पष्ट झालं की नव्या मालकांना 'जावाएक्स' या पत्त्याखाली कोडमध्ये पुढचे बदल करता येणार नाहीत. मग 2020 च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत सगळ्या पॅकेजांचा पत्ता बदलला: 'जावाएक्स'च्या जागी 'जकार्ता'. (जकार्ता हे शहर जावा बेटावरच आहे. एवढ्या सगळ्यातला तो एक विनोद.) काम तेच, फंक्शनं तीच, फक्त पत्ता वेगळा. आणि त्यापायी जगभरातल्या कंपन्यांना फाइल न् फाइल उघडून माथ्यावरच्या ओळी बदलाव्या लागल्या. स्प्रिंग बूटची तिसरी आवृत्ती नोव्हेंबर 2022 मध्ये नव्या पत्त्यावर गेली, तेव्हा उरलेल्यांनाही उठावं लागलं.

'शोधा आणि बदला' करून टाका की, असं ज्यांना वाटेल त्यांनी पुढचं ऐकावं. 'जावाएक्स'खालचं सगळंच हललेलं नाही. 'जावाएक्स.स्विंग' तिथेच राहिलं, 'जावाएक्स.क्रिप्टो' तिथेच राहिलं, कारण ते मूळ जावाचा भाग आहेत आणि ओरॅकलकडेच आहेत. 'जावाएक्स.ॲनोटेशन'मधल्या काही गोष्टी गेल्या, पण त्याच्याच पोटातलं 'जावाएक्स.ॲनोटेशन.प्रोसेसिंग' थांबलं. एकाच छपराखाली दोन मालकांचं सामान होतं आणि ते कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नव्हतं. वाटणीच्या वेळी ते समजलं. वडिलोपार्जित घरांच्या वाटण्या पाहिलेल्यांना हे नवं वाटणार नाही.

याउलट अपाचीच्या 'कॉमन्स लँग' या लायब्ररीने काय केलं ते बघा. तिचं नाव 'कॉमन्स' आहे, म्हणजे माझ्या रागाचं पहिलं गिऱ्हाईक. पण 2011 मध्ये तिची तिसरी आवृत्ती जुन्याशी न जुळणारी निघाली, तेव्हा त्यांनी पॅकेजचं नावच 'लँग3' केलं. त्यामुळे जुनी आणि नवी दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये सुखाने राहू शकतात आणि प्रत्येकाने आपल्या सवडीने जुनी सोडायची. 'लँग3' हे काही देखणं नाव नाही. पण ते खरं बोलतं.

खरं बोलण्याचा आणखी एक प्रकार म्हणजे 'हे तुमच्यासाठी नाही' असं सांगणं. जावाच्या आत 'सन.मिस्क' नावाचं पॅकेज होतं. 'मिस्क' म्हणजे किरकोळ. त्या किरकोळात 'अनसेफ' नावाचा वर्ग होता, जो थेट मेमरीत हात घालू देतो. तो बाहेरच्यांनी वापरू नये अशी अपेक्षा होती, पण दार उघडं होतं आणि वेग हवा होता, म्हणून मोठमोठ्या लायब्रऱ्यांनी तो वापरला. 2017 मध्ये जावा 9 ने आतली पॅकेजं कुलपात ठेवायला सुरुवात केली तेव्हा याला बंद करणं शक्यच नव्हतं, कारण त्याच्यावर फार मोठं जग उभं होतं. शेवटी त्याला 'जेडीके.अनसपोर्टेड' नावाच्या मॉड्यूलमध्ये बसवलं. वीसेक वर्षांनी का होईना, दारावर खरी पाटी लागली. गो भाषेने हे भांडण फोल्डरच्या नावानेच मिटवलंय. फोल्डरचं नाव 'इंटर्नल' ठेवलं की त्याच्या पालक फोल्डरच्या बाहेरचा कोणताही कोड ते इम्पोर्ट करूच शकत नाही. टूलच नकार देतं. आपल्या सामायिक लायब्रऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त सामान अशा बंद खोलीत असायला हवं असं माझं मत आहे. जे उघडं ठेवाल ते कोणीतरी वापरणार, आणि वापरलं की ते तुमच्या गळ्यात.

काही जण म्हणतील, हे सगळं सौंदर्यशास्त्र झालं, यात धोका कसला? धोका आहे, आणि तो पैशात मोजता येतो. मार्च 2016 मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम या सार्वजनिक भांडारात 'किक' या एका शब्दावरून भांडण झालं. तिथे नावं सपाट होती, ज्याने आधी घेतलं त्याचं. 'किक' नावाचं पॅकेज एका प्रोग्रॅमरचं होतं आणि त्याच नावाच्या ॲपच्या कंपनीला ते हवं होतं. भांडाराने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा त्या प्रोग्रॅमरने चिडून आपली सगळी, अडीचशेहून जास्त, पॅकेजं काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचं अकरा ओळींचं एक होतं. मजकुराच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणं एवढंच त्याचं काम. ते गेलं आणि जगभरातले मोठमोठे प्रोजेक्ट्स उभे राहीनात.

2021 मधली गोष्ट याहून गंभीर आहे. ॲलेक्स बिरसान या सुरक्षा संशोधकाच्या लक्षात आलं की कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजांची नावं त्यांच्याच उघड्या फाइलींमधून बाहेर दिसतात. त्याने नेमक्या त्याच नावांची पॅकेजं सार्वजनिक भांडारांत टाकली, आवृत्तीचा आकडा मोठा ठेवून. कंपन्यांच्या यंत्रांनी घरचं सोडून बाहेरचं उचललं, कारण आकडा मोठा होता. अशा तऱ्हेने ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल धरून पस्तीसहून जास्त कंपन्यांच्या आत त्याचा कोड चालला. तो सज्जन होता, त्याने कळवलं आणि बक्षिसं घेतली. आता विचार करा, अंतर्गत पॅकेजचं नाव नुसतं 'ऑथ-युटिल्स' असेल तर ते बाहेर कोणीही नोंदवू शकतो. नावापुढे कंपनीची नोंदवलेली ओळख असेल तर तसं करता येत नाही. एनपीएममध्ये ही सोय 2014 पासून आहे.

हल्लीचा आवडता प्रतिवाद असा: एडिटरमध्ये शोध आहे, आणि आता तर एआयच कोड लिहितो, मग फोल्डरकडे बघतो कोण? शोध घ्यायला आधी शब्द माहीत असावा लागतो. 'आर्थिक वर्ष काढणारं फंक्शन' हवं असलेला मुलगा 'फायनान्शियल', 'फिस्कल', 'एफवाय' असे तीन शब्द टाकून बघेल, 'युटिल्स'मधल्या 'गेटइयर2'पाशी पोचणार नाही, आणि एप्रिल ते मार्च मोजणारं सहावं फंक्शन स्वतः लिहील. एआय तरी वेगळं काय करणार? तोही नावंच वाचतो, सापडलं नाही तर सातवं लिहितो, आणि बिचारा न दमता लिहितो. मग तिमाहीच्या शेवटी दोन अहवालांत दोन आकडे येतात आणि रात्री अकराला फोन कोणाला जातो? नुकत्याच लागलेल्याला. नावं न ठेवण्याचा सगळ्यात मोठा फटका त्यालाच बसतो. जुन्यांच्या डोक्यात नकाशा असतो, त्यांना पाट्यांची गरज नसते, आणि पाट्या नसल्यामुळे त्यांच्याशिवाय कोणाचं पान हलत नाही. काही जुन्यांना हे आवडतं, असं मी मुद्दाम म्हणतोय.

दुसरं टोकही माहीत आहे. 'कॉम', त्यात कंपनी, त्यात प्रोजेक्ट, त्यात मॉड्यूल, त्यात 'सर्व्हिस', त्यात 'इम्पल', आणि त्या सहा रिकाम्या खोल्या ओलांडल्यावर शेवटी एक फाइल. फोनवर असला कोड वाचून बघा, पत्त्यातच स्क्रीन संपतो. ही शिस्तीची नक्कल आहे. खोली तेव्हाच बांधावी जेव्हा आत ठेवायला निदान तीन-चार एकमेकांच्या नात्यातल्या वस्तू असतील.

आणि हो, काही गोष्टी कुठेच बसत नाहीत हेही खरं. अमरसिंहालाही संकीर्णवर्ग करावाच लागला. पण तो तिसऱ्या कांडात आहे, आकाश, पाताळ, पाणी, औषधं, प्राणी सगळं लावून झाल्यावर. आपल्याकडे संकीर्णवर्ग पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला उघडतो.

गो भाषेच्या टीमने 2015 मध्येच 'युटिल', 'कॉमन', 'मिस्क' ही नावं टाळा असं लिहून सांगितलं. त्यांना स्वतःलाही पत्ते बदलावे लागले. 'कॉन्टेक्स्ट' हे पॅकेज आधी प्रायोगिक पत्त्यावर होतं, ते 2016 मध्ये मुख्य लायब्ररीत आलं आणि जुना पत्ता लिहिलेल्यांचं काय हा प्रश्न उभा राहिला. पुढच्या वर्षी त्यांनी भाषेतच एक सोय घातली: जुन्या पत्त्यावरचं नाव हे नव्या पत्त्यावरच्याच वस्तूचं दुसरं नाव आहे असं जाहीर करता येतं. दोन्ही नावं चालतात, आणि एकेक करून माणसं नव्याकडे जातात. एका पॅकेजातून दुसऱ्यात नाव हलवता यावं एवढ्यासाठी भाषा बदलली.

तुमच्या कंपनीत भाषा बदलायची गरज नाही. 'युटिल्स'मधली एकच गोष्ट उचला, रुपयांचे लाख-कोटीचे स्वल्पविराम म्हणा, तिला 'रक्कम' किंवा 'मनी' नावाच्या पॅकेजात न्या, जुन्या जागी नव्याकडे बोट दाखवणारी एक ओळ ठेवा, ती कधी काढणार ती तारीख लिहा. आणि जे जे जुना पत्ता वापरतात त्यांच्या फाइलींत बदल तुम्हीच करून पाठवा. त्यांना ईमेल करून 'कृपया आपापला कोड बदलून घ्यावा' असं सांगू नका.